मुलगी पसंत आहे

"पदर नीट घे गं सुकने, पाव्हनं आले," लंकाबाईनं नातीला दटावलं.

सुकन्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पायात चप्पलसुद्धा नव्हती. डावी चप्पल चार दिवसांपासून सापडत नव्हती, आणि शोधायला मन तरी कुठं होतं!

पाथर्डी तालुक्यात पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शाळेच्या सरांनी अकादमीचा विषय काढला, तेव्हा तिच्या बापानं, वाल्मिकनं, त्यांना दारातूनच वाटेला लावलं. ऊसतोडीला जाताना दहावीतली पोर मागं ठेवायची म्हणजे त्याच्या जिवाला घोर. त्यापेक्षा हात पिवळे केलेले बरे. आणि जिच्यावर सुकन्याचा एवढा जीव, ती आजीही त्यालाच सामील! संगमनेरच्या या पाहुण्यांना तिनंच बोलावणं धाडलं होतं.

पाहुणे म्हणजे वैजनाथराव आणि त्यांच्यासोबत एक बाई. मुलगा आलाच नव्हता. वाल्मिक धुतलेली टोपी घालून पुढं झाला. पोहे झाले.

"आईची उंची किती गं?" बाईंनी विचारलं. "झोप नीट लागते ना?"

स्वयंपाकाचं कुणी विचारलंच नाही.

"साडी जरा वर धर. पाय बघू दे."

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दावणीचं वासरू सुटून ओढ्याकडं उधळलं. सकाळी ते लंकाबाईनंच बांधलं होतं.

"पळ की गं!" म्हातारी ओरडली.

सुकन्यानं साडी खोचली आणि जीव खाऊन पळाली. असली हुंदड पोर कोण सून करून घेईल? वासरू घेऊन परतली, तेव्हा बापानं लाजून मान खाली घातली होती आणि वैजनाथराव घड्याळ बघत होते. निघायची घाई असणार. तिला हायसं वाटलं.

"मुलगी पसंत आहे," वैजनाथराव म्हणाले. "राहणं, जेवण, शिक्षण सगळं आमच्याकडं. पाठवता?"

वाल्मिकचे डोळे भरून आले. "पोर आता तुमची. ह्यो माजा शब्द हाय."

सुकन्यानं आजीकडं रागानं पाहिलं. म्हातारी पदराआड हसत होती.

"शब्द दिला न्हवं त्यानं? मंग उघडा की पिशवी," ती म्हणाली.

आता साडीचोळी निघणार म्हणून सुकन्यानं डोळे घट्ट मिटले. उघडले, तेव्हा पुढ्यात पळायचे खिळ्यांचे नवेकोरे बूट होते, आणि शेजारी तिची हरवलेली डावी चप्पल.