दहा चाळीसची गाडी

बाईचा हात तेवढा पुसायचा राहिला होता.

फोटोतली बाकीची बाई नेव्हिल पास्कोने तीन दिवसांत नाहीशी केली होती. आधी पिवळा कोट, मग डोक्याचा रुमाल, मग चेहरा, शेवटी बूट. तिच्या जागी संगणकावर फलाटाच्या फरश्या एकेक करून बसवल्या होत्या. वर केलेला हात मात्र नेमका इंजिनाच्या नंबरावर आला होता, आणि शेवटचे दोन आकडे त्याखाली गडप झाले होते. आकड्यांची त्याला चिंता नव्हती. सोळाव्या वर्षी ज्या वहीत तो इंजिनांचे नंबर टिपायचा, ती वही अजून त्याच्या टेबलावर होती. तीत बघून त्याने दोन्ही आकडे रंगवले आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

मंगळवार होता, कामाचा चौथा दिवस. खाली कचऱ्याची गाडी आली.

“मूळची स्लाइड, ती जुनी फिल्म, गेली ना कचऱ्याच्या पिशवीत?” डॉरीनने स्वयंपाकघरातून विचारलं. घर लहान घेतलं तेव्हाच तिने नवऱ्याला अट घातली होती. संगणकात चढलेली स्लाइड घरात राहायची नाही.

“गेली.”

“आणि बाईसकटची एखादी प्रत ठेवलीस की नाही?”

“ती कशाला? पन्नास वर्षं छळलंय त्या बाईने मला.”

“बिचारीने काय घोडं मारलं होतं तुझं?”

“मध्ये आली. बाजूला व्हा म्हणून ओरडलो, तर ऐकेल तर शपथ. नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं, हात तसाच वर. आणि मी तेव्हाच खटका दाबला.”

डॉरीन हसली. नेव्हिलला हसू आलं नाही. एक्सेटरच्या त्यांच्या मंडळात अशा फोटोला काय भोगावं लागतं, हे तिला कुठे ठाऊक होतं?

दर गुरुवारी दुपारी चर्चच्या सभागृहात मंडळ जमायचं. डिझेल इंजिनांच्या जुन्या स्लाइड पडद्यावर दाखवायच्या, चहा प्यायचा, आठवणी काढायच्या. फोटोत इंजिनाच्या आड माणूस आला की सगळ्यांनी ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडायचं, आणि पुढच्या गुरुवारची बिस्किटं फोटो काढणाऱ्याच्या माथी मारायची, असा तिथला जुना रिवाज. चाळीस वर्षांत नेव्हिलवर एकदाही बिस्किटं आणायची पाळी आली नव्हती. हे तो होऊन सांगायचा नाही, पण कुणी विसरलं तर त्याला आवडायचं नाही.

टेरी लक्स्टन तेवढा कधी ओरडायचा नाही. वीस वर्षांपूर्वी तो मंडळात आला तो रिकाम्या हातांनी. “आमच्याकडे कॅमेरा नव्हता,” एवढंच सांगितलं. पहिल्या रांगेत बसायचा, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. आणि चहाच्या वेळी ज्याला त्याला एकच विचारायचा. बारा ऑगस्ट एकोणीसशे सदुसष्ट, शनिवार, वेलकोम्ब स्टेशन, दहा चाळीसची गाडी. आहे का कुणाकडे?

“अरे, पण इंजिन कुठलं?” अध्यक्ष आयव्हर त्याची फिरकी घ्यायचा.

“लाल होतं बहुतेक.”

“बहुतेक म्हणे! वीस वर्षं चहा पाजतोय याला, आणि अजून इंजिन ओळखता येत नाही.”

लोक हसायचे, टेरीही हसायचा. नेव्हिल मात्र कपात बघत बसायचा. त्या गाडीचा, बाई आड आलेला फोटो त्याच्या घरी डब्यात होता, आणि बिस्किटांच्या लाजेपायी त्याने तो कधी बाहेर काढला नव्हता. आता टेरी न्यूझीलंडला मुलीकडे कायमचा निघाला होता. येता गुरुवार त्याचा शेवटचा. नेव्हिलला त्याचं मन खाऊ लागलं. द्यायचा तर फोटो लख्ख करून द्यायचा, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी त्याने काहीही न सांगता फोटो पडद्यावर लावला.

मरून रंगाचं इंजिन, कपाळावर गाडीचा क्रमांक, बाजूला नंबर ठसठशीत, फलाट रिकामा. आयव्हरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

“ही तुझी दहा चाळीसची,” नेव्हिल टेरीला म्हणाला. “आधीच द्यायला हवी होती. चुकलं माझं.”

टेरी उठून पडद्यापाशी गेला. इंजिनाकडे त्याने पाहिलंच नाही. फलाटाच्या फरश्यांवर त्याने हात ठेवला.

“इथे कुणी उभं नव्हतं?”

“होती एक बाई, पिवळ्या कोटातली,” नेव्हिल खुशीत म्हणाला. “चार दिवस घालवलेत तिच्यावर. आता शोधून सापडायची नाही.”

“आणि मूळची स्लाइड?”

“मंगळवारी कचऱ्यात गेली. आता हाच एक फोटो. तुझाच.”

आयव्हर चहा ओतायला लागला. मग टेरी येऊन नेव्हिलच्या शेजारी बसला.

“पहिल्या डब्यात मी होतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “सात वर्षांचा. अनाथाश्रमात ठेवायला नेत होते मला.”

नेव्हिलने चहाचा कप खाली ठेवला.

“तू चार दिवस तिच्याकडे बघत होतास, नेव्हिल. मला आता काही आठवत नाही. माझी आई दिसायची कशी, तेवढं सांग.”