दहा मिनिटांतले चौदा सेकंद

टीव्हीवर दिसायचं म्हणून सगुणाने ठेवणीतली साडी नेसली होती. अंगणवाडीच्या कुंदाताई घरी येऊन, ती लेकीला कशी भरवते ते गावातल्या इतर आयांना दाखवायला मोबाईलवर टिपत होत्या, आणि नेमका पहिलाच घास पोरीने साडीवर थुंकला. सगुणा ओरडली. हातही उगारला. ताई मात्र टिपतच राहिल्या. दहा मिनिटं मोबाईल धरून बसल्या.

शुक्रवारी गावातल्या आया अंगणवाडीतल्या टीव्हीपुढे जमल्या. सगुणा दाराशीच टेकली, म्हणजे वेळ आली तर उठून जाता येईल. टीव्हीवर ती दिसली, साडीवर वरणाचा डाग. तिने मान खाली घातली.

पण ओरडणं काही ऐकू आलं नाही. तिने हळूच वर पाहिलं. पोरीने तोंड फिरवलं होतं आणि टीव्हीतली सगुणा घास हातात धरून नुसती थांबली होती. पदराने तिने पोरीची हनुवटी पुसली. मग पोरीने आपणहून आ केला. जेमतेम चौदा सेकंद झाले असतील, ताईंनी चित्र तिथेच थांबवलं.

"बघितलंत? हिने घास कोंबला नाही, वाट बघितली. घरी एवढंच करून बघा."

"माझा तर मेला तोंडच उघडत नाही," शेजारची सगुणाकडे सरकत म्हणाली. "मला दाखव गं एकदा."

सगळ्या गेल्यावर सगुणाने विचारलं, "ताई, आधीचं का नाही दाखवलंत?"

ताई वायर गुंडाळत होत्या. "ते तू विसरणार नाहीस. हे मात्र तुला माहीतच नव्हतं."