तळ्याकाठचा हात

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. त्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला आणि डाव्या हातात रिमोट दिला. बाबांना जे दिसत होतं, ते मला समोरच्या पडद्यावर दिसत होतं. हिरवळ, लांबवर तळं आणि त्यांचा डावा हात.

"अगं, खरंच बाहेर आल्यासारखं वाटतंय," बाबा म्हणाले. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते हसले.

मग पडद्यावर उजवा हातही दिसू लागला. बोटं सावकाश हलत होती.

"हा दिसायला नको," बाई पुटपुटल्या. "त्याचा रिमोट मी सुरूच केलेला नाही."

मला मात्र भरून आलं. "बाबा, उजवा हात हलतोय. तुम्हीच हलवताय ना?"

"मी नाही गं," ते शांतपणे म्हणाले. "तोच मला ओढतोय. तळ्याकडे."

बाईंनी घाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पडदा बंद केला. बाबांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पुरे आता," ते म्हणाले. "काढा ना तो चष्मा. पाणी गुडघ्यापर्यंत आलंय."