खडूवरची रेघ

शाफ्टला तडा नव्हता. मिस्त्रींनी तीनदा तपासलं. रॉकेल फासलं, कोरडं पुसलं, वरून खडू चोळला. केसाएवढा तडा असता तरी आत मुरलेलं रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटली असती. खडू पांढराफेक राहिला. बोटीचा पंखा फिरवणारा तो दांडा नुसता वाकला होता. लेथवर चढवून सरळ केला, की उद्या सकाळी बोट पुन्हा लढाईवर जायला मोकळी.

त्या बोटीवर मिस्त्रींचा जावई होता.

दुरुस्तीच्या जहाजाला ती बोट दोन दिवस खेटून बांधलेली होती. जावई अधूनमधून कठडा ओलांडून वर्कशॉपमध्ये येई आणि यंत्रांच्या खडखडाटात ओरडून म्हणे, "मामा, घाई करू नका हं! तुमच्या हातचं काम, निवांत होऊ द्या!" म्हणायचा आणि हसायचा. हात मात्र खिशातच ठेवायचा. काल चहाचा कप धरताना ते थरथरलेले मिस्त्रींनी पाहिले होते. आणि घरी लेकीला सातवा महिना लागला होता.

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. तारेचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि खडूवर एक बारीक रेघ ओढली. एकवीस वर्षांत या माणसाने सूतभरही खोटं माप सांगितलं नव्हतं. मग त्यांनी चीफसाहेबांना हाक मारली.

वर्कशॉपचे चीफसाहेब महाकडक. दुसऱ्याने मोजलेलं स्वतः मोजल्याशिवाय सही करायचे नाहीत. ते आले. रेघेकडे पाहिलं, मग बराच वेळ मिस्त्रींकडे.

"तडा आहे म्हणता?"

"आहे, साहेब."

"नवा शाफ्ट आपल्याकडे नाही. बोट बंदरात ओढून न्यावी लागेल. दोन महिने तरी गेलेच."

"हो, साहेब."

साहेबांनी कागद भिंतीला टेकवला आणि सही करून टाकली.

त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मिस्त्रींच्या घशाखाली नीट घास उतरला. ते हात धूत होते, तेवढ्यात कर्ण्यावरून हुकूम आला. निकामी बोटीवरच्या सगळ्या खलाशांनी शेजारच्या युद्धनौकेवर हजर व्हायचं. तिथे माणसं कमी होती आणि ती आत्ताच निघत होती. ती जिकडे निघाली होती, त्याच बाजूला गेल्या आठवड्यात तीन जहाजं गेली होती. एकही परतलं नव्हतं.

मिस्त्री धावत डेकवर आले, तेव्हा दोर सुटले होते. मधलं पाणी रुंदावत होतं. पलीकडे गर्दीत जावई दिसला, खांद्यावर पिशवी.

"मामा, तिला कळवा, मी मजेत आहे!" एवढंच ऐकू आलं.

चीफसाहेब कठड्याशी उभे होते. मिस्त्रींनी त्यांचा दंडच धरला.

"साहेब, मी खोटं बोललो. तडा नाही. मला काय शिक्षा करायची ती करा. बोट मी उद्या सकाळी तयार करून देतो, पण तिची माणसं परत बोलवा!"

साहेबांनी दंड सोडवून घेतला नाही. लांब जाणाऱ्या युद्धनौकेवरची नजरही काढली नाही.

"तडा नाही हे मला माहीत होतं, मिस्त्री," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊही होता त्याच बोटीवर."