बरोबरचे गृहस्थ

ब्याण्णव साली शाळेतून निवृत्त झालेल्या नरसिंगरावांनी जीपमागे ओढायचा, आत राहता येईल असा छोटा ट्रेलर बांधून घेतला, परीक्षा देऊन हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाचं, हॅम रेडिओचं लायसन्स काढलं आणि पत्नी चारुलताबाईंना घेऊन कुंतालाच्या जंगलात पहिला मुक्काम टाकला.

सकाळपासून ते माईकवर आपलं नाव आणि ठिकाण सांगत होते. उत्तरादाखल नुसती खरखर. अँटेना झाडावर आणखी उंच बांधून झाली, बॅटरीही बदलून झाली.

"म्हातारपणी परीक्षा दिली, अन् एक माणूस बोलून नाही राह्यला!" ते वैतागून ओरडले.

"अहो, आधी जेवून घ्या," बाहेर चुलीपाशी बसलेल्या चारुलताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खरखर थांबली.

"मुधोळवरून गोपाळराव बोलून राह्यलो. सकाळपासून तुमाले उत्तर देतो. पण दरवेळी तुमच्या सेटवर ते दुसरे गृहस्थ येतात अन् सांगतात, नरसिंगराव गेले."

"कोन गृहस्थ? इथं मी अन् आमची मंडळी, दोघंच आहो!"

रागारागाने त्यांनी माईक टेबलावर ठेवला. त्याच क्षणी सेटवरचा लाल दिवा लागला. आपल्याकडून कुणी बोलत असेल तरच तो लागतो आणि तेवढा वेळ पलीकडचं काही ऐकू येत नाही.

ट्रेलरमध्ये कुणीच बोलत नव्हतं. दिवा मात्र बराच वेळ लागून राहिला. मग विझला.

"अरेरे," गोपाळराव हळूच म्हणाले. "म्हंजे बाई बी आत्ताच गेल्या?"

नरसिंगरावांनी चारुलताबाईंना हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने.