रिकाम्या पोटी

"अर्ध्या तासाचं काम आहे, काका. संध्याकाळी पोरगा स्वतःच्या पायांनी घरी जाईल," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं सहीचा कागद पुढे सरकवला.

भागवतनं कागद घेतला, पण पेन घेतलं नाही. अनसिंगहून वाशीमला येईस्तोवर त्यानं मनाशी ठरवलं होतं, की पोराच्या आड यायचं नाही. विशीतला शिवम अजून अंगात बनियन ठेवून आंघोळ करायचा. पोलीस भरतीत छाती मोजताना शर्ट काढावा लागतो, आणि याची छाती बाईमाणसासारखी फुगलेली. रोज पहाटे पाच किलोमीटर पळणारा पोरगा त्या एका टेपाला भिऊन मागच्या भरतीत मैदानाच्या फाटकातूनच परत फिरला होता. बापाला हे सारं ठाऊक होतं आणि पोराला वाटायचं, बापाला काहीच ठाऊक नाही.

पण दवाखान्यात पाय टाकल्यापासून भागवतच्या मनात पाल चुकचुकत होती. खाली मोबाइलचं दुकान, वर या दोन खोल्या. डॉक्टर दर रविवारी बाहेरगावाहून येणारा. भिंतीवर ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, सगळे मानेखालचे, चेहरा एकाचाही नाही. डॉक्टर काय शिकला, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. भागवत सोयाबीनचं बियाणं घेतानासुद्धा पिशवी उलटीपालटी करून वाचणारा माणूस. इथं तर पोटचा पोरगा होता.

"भूल कोण देते, साहेब?"

"मीच देतो."

"आन ऑपरेशन?"

"तेही मीच. पूर्ण झोपेचं इंजेक्शन आहे, त्याला काही कळायचंसुद्धा नाही."

"काही बिघडलं तं?"

"चरबी काढायची आहे, काका, काळीज नाही." डॉक्टर हसला.

"बाबा, करा ना सही," शिवम खाली मान घालून म्हणाला.

भागवतनं पेन उचललं. कागदावर टेकवलं. मग वावराच्या धुऱ्यावर उभं राहून बोलावं तसा सहज बोलला, "एक चूक झाली, साहेब. याच्या मायनं निंगता निंगता दोन भाकरी आन वांग्याची भाजी खाऊ घातली पोट्ट्याले. वरून तांब्याभर ताक. चालते का?"

शिवमनं चमकून वर पाहिलं. रात्रीपासून त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. मोबाइलवर वाचून त्यानं सकाळचा चहासुद्धा नको म्हटला होता. तो काही बोलणार, तोच भागवतनं टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

"चालतं की," डॉक्टर म्हणाला. "उलट बरं झालं. अंगात ताकद राहते."

भागवतनं पेन टेबलावर ठेवून दिलं.

"आमच्या म्हशीच्या पोटातली तार काढली, तवा ढोरायच्या डॉक्टरनं आदल्या दिवसापासून तिचं चारा-कुटार बंद केलं होतं. याच्या मायचं ऑपरेशन झालं कॅम्पात, तं नर्सबाईनं चार खेपा इचारलं, खाल्लं का, पेलं का. भुलीत माणूस ओकला तं पोटातलं फुप्फुसात जाते, साहेब. मले म्हशीवाल्याले हे कळते."

"मग न्या त्याला म्हशीच्याच डॉक्टरकडे," डॉक्टर म्हणाला आणि कागद ओढून घेतला.

"नेलं असतं. पण तो नाई म्हनेल. आपल्याले काय येत नाई, हे त्याले समजते."

खोलीबाहेरच्या बोळकांडीत आल्यावर शिवम बापासमोर आडवा उभा राहिला. "खोटं काहून बोलले तुमी? आता भरतीले कसा जाऊ मी? तुमाले काय समजते, बाबा. सारे पोट्टे हसतात मले."

"समजते."

"काय समजते?"

"सारं समजते," भागवत म्हणाला. पोराशी असं बोलायची त्याला सवय नव्हती. "अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. तिथं भुलीचा डॉक्टर येगळा असते. ते हो म्हनले तं करू, कितीबी दिवस लागू दे. पण मले तू पाह्यजे, शिवम. भरती मंग."

शिवम तरातरा पुढे निघाला. जिन्याजवळच्या बाकावर एक बाई नुकतीच येऊन बसली होती. पंचविशीची असेल. कागदातली कचोरी घाईघाईनं खात होती. शिवम तिच्यासमोरून दोन पायऱ्या उतरला. तिथंच थांबला. मग परत वर आला.

"ताई, तुमचं ऑपरेशन आहे का आज?"

"हो, पोटाच्या चरबीचं. दोन लेकरं झाली ना." ती जराशी लाजली. "काहून?"

"मंग खाऊ नका. आन खाल्लं असंन तं आत जाऊ नका."

"डॉक्टरच म्हनले, पोटभर खाऊन ये. नाईतं चक्कर येते." बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्याही नजरेत आता संशय होता. "तुमी कोण, भाऊ? तुमाले काय करायचं?"

शिवमनं एकदा बापाकडे पाहिलं.

"माह्या छातीवर चरबी आहे. बाईसारखी दिसते," तो म्हणाला. "ते काढाले आलो होतो मी."

भागवतनं मान वळवली. पोराच्या तोंडून हे शब्द तो पहिल्यांदा ऐकत होता, तेही परक्या बाईजवळ.

आतून बाईचं नाव पुकारलं गेलं. तिनं उरलेली कचोरी कागदात गुंडाळली. पुन्हा पुकारलं. बाई उठली नाही. बाकावर थोडी सरकली, शिवमला बसायला जागा केली आणि म्हणाली, "बसा, भाऊ. नीट सांगा."