घरचं बी

"पोलक्यात ठेवायची?" एमोकेने विचारलं.

"मग काय डोक्यावर?" तिची सासू पिरोश्का म्हणाली. "अंगाच्या उबेनं मोड येतात मिरचीला. बुडापेस्टात एवढंही शिकवत नाहीत वाटतं."

सून हसली आणि ओल्या बियांची पोटली निमूट छातीशी खोचली. टोमणा मारला तरी हसायची ही बया! उलट उत्तर नाही, रुसवा नाही. पिरोश्काच्या मस्तकात तिडीक जायची.

तिच्या एकुलत्या एका लेकाने, आकोशने, हिवाळ्यातच सांगून टाकलं होतं, "आई, यंदा रोपं एमोके करील. जमली तर आम्ही इथंच राहू, शेत ती बघेल. नाही जमली तर आपलं शहर बरं."

शेत ती बघणार! जिने उभ्या जन्मात मिरची पाहिली ती बाटलीतली! पिरोश्काच्या पणजीपासून चालत आलेलं हे तिखट बी. त्याच्या लाल पुडीसाठी कालोचाच्या बाजारात बायका ताटकळत उभ्या राहायच्या. ते या नखं रंगवणारीच्या हाती द्यायचं? त्यापेक्षा जाऊ दे शहरात. आकोश काय, चार दिवसांत कंटाळून एकटाच परत येईल.

म्हणून पिरोश्काने आपलं काम चोख केलं होतं. डबा झाडून सगळं बी दोन सारख्या पोटल्यांत घातलं. सुनेची पोटली पावाच्या गरम भट्टीत तासभर ठेवली. वरून दाणे जसेच्या तसे, आत जीव नाही. मग दोन्ही भिजवून, सुनेची तिच्या हातात देताना गोड आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी निवडून निवडून काढलंय हो." एमोकेचे डोळे भरून आले. पिरोश्काला हसू आवरेना.

घरची रीत अशी, की पोटली मार्चातल्या संत योझेफच्या सणालाच उघडायची. पिरोश्काची पोटली अजून तिच्या स्वतःच्या छातीशीच होती. सुनेला कुठला एवढा दम! तिने आधीच उघडली, आंबट सायीच्या रिकाम्या डब्यांत माती भरून बी पेरलं आणि डबे खिडकीत मांडले. पिरोश्का येता-जाता त्या काळ्या मातीकडे बघून खूश व्हायची.

आणि एका सकाळी डबे हिरवेगार.

पिरोश्का बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाजलेलं बी कधी उगवतं होय? भवानीने बाजारातून आणलं! गुपचूप!

"आकोश! ये, बघ तुझ्या बायकोचे प्रताप! हे आपलं बी नव्हेच!"

"कशावरून, आई?"

"मला विचारतोस? मला? घरच्या रोपाला मी ओळखणार नाही?"

पिरोश्काने एकेक डबा उचलला आणि अंगणात उपडा केला. कोंबड्या तुटून पडल्या. बघता बघता हिरवं पान म्हणून उरलं नाही.

"झालं! आता भरा बोचकी," पिरोश्का हात झटकत म्हणाली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

एमोके पायरीवर बसून रडायला लागली.

"घरचंच होतं हो, आई. चुकलं माझं, आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही एवढं माझ्यासाठी निवडून दिलंत, आणि माझी ही पहिलीच खेप. माझ्या हातून वाया गेलं असतं तर? म्हणून त्याच दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी पोटल्या बदलल्या. ते चांगलं बी तुमच्याजवळच आहे."